इकेबाना: पाहण्याची आणि करण्याची विद्या

जपानी पुष्परचनेची कला, म्हणजेच इकेबाना, हिच्यावर गेल्या पाच शतकांत पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले असले, तरी तिच्या शिक्षणाची रीत आरंभापासून एकच राहिली आहे: गुरूने रचना करावी, शिष्याने ती पाहावी, मग स्वतः करावी आणि गुरूकडून दुरुस्त करून घ्यावी. या कलेचा उगम बुद्धमूर्तीपुढे फुले वाहण्याच्या प्रथेत मानला जातो, आणि तिची सर्वांत जुनी शाखा असलेल्या इकेनोबोचे पीठ क्योतोतील रोक्काकुदो या षट्कोनी मंदिरात आहे. तेथील सेनकेई नावाच्या भिक्षूने 1462 मध्ये सोनेरी पात्रात अनेक फांद्यांची रचना केली आणि ती पाहण्यासाठी शहरातील रसिकांनी गर्दी केली, अशी नोंद ‘हेकिझान निचिरोकु’ या समकालीन रोजनिशीत सापडते. या कलेच्या इतिहासातील इतक्या जुन्या नोंदीतही रचनाकाराबरोबर प्रेक्षक हजर आहेत, ही गोष्ट प्रात्यक्षिकांच्या परंपरेचा विचार करताना महत्त्वाची ठरते.

पुढे या कलेच्या अनेक शाखा झाल्या. प्रत्येक शाखेच्या प्रमुखास इएमोतो म्हणतात. हे पद बहुधा वंशपरंपरेने चालते, आणि शिक्षणक्रम व प्रमाणपत्रे यांवर त्याचा अधिकार असतो. आपल्याकडील संगीताच्या घराण्यांशी या व्यवस्थेचे साम्य दिसते. मात्र लेखी परवाने आणि क्रमवार पदव्या यांमुळे ती घराण्यांपेक्षा बरीच काटेकोर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओहारा उनशिन यांनी पसरट भांड्यात फुले मांडण्याची मोरिबाना ही शैली रूढ केली आणि तिच्यातून ओहारा शाखा उभी राहिली. 1927 मध्ये तेशिगाहारा सोफु यांनी सोगेत्सु शाखा स्थापन केली. सोफु हे इकेबाना शिक्षकाचेच पुत्र, परंतु ठरीव साच्यांची पुनरावृत्ती त्यांना मान्य नव्हती. ही रचना कोणीही, कधीही, कोठेही आणि कोणत्याही साहित्यातून करू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि त्यानुसार वाळलेले लाकूड, धातू, दगड यांनाही रचनेत स्थान मिळाले.

एवढे स्वातंत्र्य जाहीर करणाऱ्या या शाखेचा पहिला पाठ मात्र अंशांच्या मोजमापाने सुरू होतो, आणि येथेच इकेबानाच्या शिक्षणाचे मर्म आहे. सोगेत्सुच्या मूलभूत उभ्या रचनेत तीन मुख्य फांद्या असतात: शिन, सोए आणि हिकाए. भांड्याचा व्यास आणि उंची यांच्या बेरजेची साधारण दीडपट म्हणजे शिनची लांबी, शिनची तीन चतुर्थांश म्हणजे सोएची आणि सोएची तीन चतुर्थांश म्हणजे हिकाएची. भांडे 30 सेंटिमीटर व्यासाचे व 5 सेंटिमीटर उंचीचे असेल, तर या लांब्या अनुक्रमे सुमारे 52, 39 आणि 29 सेंटिमीटर येतात. उभ्या रेषेपासून शिन सुमारे 15 अंश, सोए 45 अंश आणि हिकाए 75 अंश कलते. शिन व सोए डावीकडे, हिकाए उजवीकडे, आणि तिन्ही पाहणाऱ्याच्या दिशेने पुढे झुकतात. या पुढच्या झुकावामुळेच रचनेला खोली येते, आणि छायाचित्रात नेमका तोच दिसत नाही. म्हणून केवळ पुस्तकावरून शिकणाऱ्याची रचना बहुधा सपाट होते.

फांद्या जेथे रोवतात ती केनझान म्हणजे पितळी सुया उभ्या बसवलेली जड धातूची बैठक होय. तिच्यावर फांदी रोवणे हे हाताचे कौशल्य आहे: टोक तिरपे कापावे, फांदी आधी सरळ खाली दाबून बसवावी आणि मगच हव्या त्या बाजूला कलवावी, जाड फांदीच्या टोकाला उभी चीर द्यावी, तर अगदी बारीक देठाला दुसऱ्या देठाचा तुकडा जोडावा. देठ पाण्याखाली कापण्याच्या क्रियेला मिझुकिरी म्हणतात. तिच्यामुळे देठातील नलिकांत हवा शिरत नाही आणि फूल अधिक काळ टवटवीत राहते. फांदी वाकवताना दोन्ही अंगठे वळणापाशी टेकवून किती जोर द्यावा, हे तर शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकाशिवाय कळणे कठीणच असते.

प्रात्यक्षिकाचे कार्य वेगळे आहे. रंगमंचावरील प्रात्यक्षिकात कलाकार बहुधा रचनेच्या मागे उभा राहून काम करतो, त्यामुळे समोरची बाजू त्याला दिसत नाही, प्रेक्षकांना मात्र ती टप्प्याटप्प्याने घडताना दिसते. सोगेत्सुचे तिसरे इएमोतो तेशिगाहारा हिरोशी हे चित्रपट दिग्दर्शकही होते, आणि बांबूच्या त्यांच्या भव्य रचनांनी ही कला टोपल्या-भांड्यांबाहेर नेली. तथापि प्रात्यक्षिकातील सर्वांत शिकण्यासारखा भाग भव्यतेत नसून कात्रीत असतो: भरगच्च फांदीवरून एकेक डहाळी व पान उतरत जाते आणि अखेरीस तिची रेषा मोकळी होते. काय काढले गेले हे पूर्ण झालेल्या रचनेत कधीच दिसत नाही, आणि प्रदर्शन पाहण्यापेक्षा प्रात्यक्षिक पाहणे श्रेष्ठ ठरते ते याच कारणाने.

कार्यशाळेत विद्यार्थी ठरलेला पाठ स्वतः रचतो, शिक्षक त्यातील एखादे फूल हलवतो, एखादी फांदी आखूड करतो आणि कारण सांगतो. पुष्कळ वर्गांत विद्यार्थी मग समोरून व वरून दिसणाऱ्या रचनेची आकृती वहीत काढतो, रचना मोडतो, फुले कागदात गुंडाळून घरी नेतो आणि तेथे पुन्हा रचतो. हा दुसरा प्रयत्न शिक्षणाचा गाभा आहे, आणि केवळ पाहुण्या कलाकाराच्या एका दिवसाच्या कार्यशाळेवर समाधान मानणारे नेमके त्यालाच मुकतात.

1956 मध्ये एलेन गॉर्डन ॲलन यांनी तोक्योत स्थापन केलेल्या ‘इकेबाना इंटरनॅशनल’ या संस्थेने विविध शाखांना एका व्यासपीठावर आणले आणि या कलेची प्रात्यक्षिके जपानबाहेर सर्वदूर पोहोचवली. महाराष्ट्रात ही कला शिकू इच्छिणाऱ्यांनी चेरी किंवा पाइन मिळत नाही म्हणून थांबण्याचे कारण नाही. पेरूची वळणदार फांदी, बोगनवेल आणि झेंडूची दोन-चार फुले एवढ्या साहित्यावरही पहिला पाठ गिरवता येतो. एक पसरट भांडे, एक केनझान आणि धारदार कात्री मात्र स्वतःची असावी, आणि प्रात्यक्षिक पाहिल्यावर त्याच आठवड्यात ती रचना घरी करून पाहावी.