बांबू झाड की गवत?

मुलांनो, एक सोपा प्रश्न विचारू? बांबू हे झाड आहे की गवत?

“झाडच की! एवढा उंच वाढतो तो!” असंच म्हणालात ना? पण नाही बरं का! गहू, भात, ज्वारी, ऊस ही ज्या कुळातली मंडळी, त्याच गवताच्या कुळातला आपला बांबू. म्हणजे बांबू हे चक्क एक उंच गवत आहे.

गंमत पुढेच आहे. १९२७ साली इंग्रजांच्या राज्यात वनांचा जो कायदा झाला, त्यात ‘झाड’ या शब्दात बांबूही घातला गेला. कागदावर गवताचं झाड झालं! त्यात काय एवढं बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. बिघडलं ते असं, की झाडाचं लाकूड म्हटलं की ते सरकारच्या ताब्यातलं. ज्यांच्या घराच्या भिंती, टोपल्या, सुपं, कुंपणं सगळी बांबूची, त्यांनाच तो तोडायला किंवा विकायला परवानगी लागायची.

ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर आपल्याला गडचिरोली जिल्ह्यात जायला हवं. तिथे धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं एक छोटंसं गाव आहे. शेजारच्या लेखा गावामुळे लोक त्याला ‘मेंढा-लेखा’ म्हणतात. गावात गोंड आदिवासी राहतात आणि भोवती दाट जंगल आहे. मोहफुलं, तेंदूपानं, चारोळी, मध, बांबू हे सगळं तिथूनच येतं. पण याच जंगलातला बांबू तोडायचं कंत्राट कागदाच्या कारखान्याला दिलं होतं. जंगल दारात, पण त्याचं काय करायचं ते दुसरेच ठरवणार!

मग गावानं काय केलं? गाव अभ्यासाला बसलं! हो, अगदी मोठी माणसंसुद्धा. देवाजी तोफा हे गावातले कार्यकर्ते आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे बाहेरून आलेले सोबती. गावात ‘अभ्यास गट’ सुरू झाला. जंगल, कायदे, हक्क यांवर चर्चा व्हायची. अभ्यास गटानं फक्त अभ्यास करायचा. निर्णय घ्यायचा तो ग्रामसभेनं, आणि तोही सर्वसहमतीनं! हात वर करून मतं मोजायची नाहीत. एकाचं जरी पटलं नाही, तरी थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. तुमच्या वर्गाची सहल कुठे न्यायची, हे असं ठरवून बघा बरं! किती वेळ लागतो ते कळेल. पण एकदा ठरलं, की कुणी रुसून बसत नाही.

अभ्यास केला की आपल्याही सवयी तपासाव्या लागतात. मधाचंच पाहा. मोहोळाला आग लावून मध काढला, की पोळं जळतं, माशा मरतात. माशा गेल्या तर फुलांचे पराग इकडून तिकडे कोण नेणार? पराग नाहीत तर फळं नाहीत, बिया नाहीत. म्हणून माशांना न मारता मध काढायची रीत गावानं शिकून घेतली. फळांसाठी झाडं तोडायची नाहीत, असंही ठरवलं.

माशा पराग नेतात, मुळं माती धरून ठेवतात, जंगल पावसाचं पाणी जमिनीत मुरवतं. या कामांना शास्त्रज्ञ ‘परिसंस्थेच्या सेवा’ म्हणतात. १९९७ साली काही शास्त्रज्ञांनी साऱ्या पृथ्वीवरच्या अशा सेवांची किंमत काढून पाहिली. ती आली वर्षाला सुमारे ३३ लाख कोटी डॉलर! त्या वेळच्या सगळ्या देशांच्या मिळून उत्पन्नाच्या जवळजवळ दुप्पट. आणि निसर्ग याचं बिल कधी पाठवत नाही!

आता कायद्याकडे वळू. २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्यात मध, तेंदूपानं यांच्याबरोबर बांबूलाही ‘गौण वनोपज’ म्हटलं. म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तू. त्यांवर जंगलात राहणाऱ्यांचा हक्क मानला गेला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. शेजारच्या मर्दा गावालाही तो मिळाला. देशातली ही पहिलीच गावं!

तरी एक अडचण उरलीच. बांबू विकायचा तर तो गाडीत घालून न्यायला वाहतूक परवाना हवा, आणि तो वनखात्याकडून मिळेना. हक्क हातात, पण बांबू जंगलातच! शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत, हे परवाने देण्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आलं. आणि १९२७ च्या कायद्यातलं ते ‘झाड’? ते दुरुस्त व्हायला २०१७ साल उजाडलं. नव्वद वर्षांनी बांबू कागदावरचं झाड राहिला नाही!

मात्र हक्क मिळाला म्हणजे काम संपलं असं नाही हं! आता तोड किती करायची, कुठे थांबायचं, राखण कुणी करायची, हे गावालाच ठरवावं लागतं. चुकलं तर दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही. म्हणून तर अभ्यास हवा.

असा अभ्यास तुम्हालाही करता येईल. २००२ साली आपल्या देशात जैवविविधता कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीनं आणि नगरपालिकेनं एक समिती नेमायची आणि ‘लोक जैवविविधता नोंदवही’ करायची. आपल्या परिसरात कोणती झाडं, पक्षी, मासे, पिकांचे वाण आहेत आणि लोकांना त्यांची काय माहिती आहे, ते तिच्यात लिहायचं. या कल्पनेसाठी माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी खूप काम केलं.

तर बालमित्रांनो, या सुट्टीत शंभर पानी वही घ्या. आजीला विचारा, तुमच्या लहानपणी कोणत्या रानभाज्या खायचात? ओढ्यात कोणते मासे असायचे? आता कोणते दिसत नाहीत? ऐकलेलं सगळं तारीख घालून लिहा. मग मोठ्या माणसांबरोबर पंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन विचारा, “आपली नोंदवही कुठे आहे? आम्हाला बघायची आहे.”

ती नसली, तर तुमची वही पुढे करा. सुरुवात तिथूनच होऊ दे!