दुरावलेल्या भाऊबंदांचा शोध

दुष्काळात आपल्या भावकीतली एखादी पाती गाव सोडून गेली असेल. तिचा माग आता मोबाईलवरूनही काढता येतो.

आधी वडीलधाऱ्यांना मूळ गाव, कुलदैवत, पणजोबांचे नाव विचारून वहीत लिहा. मग जुने फेरफार पाहा. वारसाच्या फेरफारात परगावी गेलेल्या भावांची, पुष्कळदा बहिणींचीही नावे असतात. अनेक जिल्ह्यांचे जुने उतारे महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतात. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात सापडलेल्या कुणबी नोंदीही जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचा अंमल होता. त्या काळचे बरेच कागद उर्दूत किंवा मोडीत आहेत. ते जाणकाराकडून वाचून घ्या. केवळ आडनावावरून नाते जोडू नका. गाव आणि दोन पिढ्या जुळल्या पाहिजेत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही पडताळा मिळू शकतो.

पत्ता लागला, की पहिल्याच निरोपात सांगा, ‘वाटा मागायला नाही, ओळख करून घ्यायला आलो.’ सातबाऱ्याच्या शंकेने माणसे दार लावून घेतात.

कागद पुढेही मिळतील. आजीच्या तोंडची नावे मिळणार नाहीत. आज रात्रीच तिच्याजवळ बसा.