जस्त : पितळेतील, धानातील आणि शरीरातील

भंडारा शहराचा लौकिक पितळी भांड्यांसाठी आहे. तांब्यात जस्त मिसळले म्हणजे पितळ होते, हे तेथील कारागिरास सांगावे लागत नाही. याच जिल्ह्यातील धान उत्पादकासही जस्त परिचित आहे, परंतु निराळ्या कारणाने. धानाच्या पानांवर कातासारखे तपकिरी ठिपके उमटतात, वाढ खुंटते. त्यास खैरा म्हणतात. हा जंतूंचा प्रताप नसून जस्ताची उणीव आहे, हे पंतनगर कृषी विद्यापीठातील डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ साली मांडले. तेव्हापासून झिंक सल्फेट शेतात आले.

माणसाच्या शरीरातील जस्ताची उणीव मात्र डोळ्यांना अशी सहज दिसत नाही. १९५८ साली इराणमधील शिराझ येथे, मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांच्यापुढे एक २१ वर्षांचा रुग्ण आला. अंगाने तो दहा वर्षांचा वाटे. त्याचा आहार जवळजवळ केवळ रोटीचा, शिवाय माती खाण्याची सवय. प्रसाद यांना जस्ताची शंका आली व इजिप्तमधील पुढील संशोधनाने १९६३ साली ती खरी ठरली.

जस्ताअभावी केवळ उंचीच खुंटते असे नव्हे. उरोस्थीमागील थायमस ग्रंथीत रोगजंतूंशी लढणाऱ्या 'टी' पेशी तयार होतात. त्या परिपक्व होण्यास थायम्युलिन हे संप्रेरक लागते आणि जस्ताचा कण जोडला गेल्याशिवाय ते निष्क्रिय राहते. जस्त तुटले की ग्रंथी आक्रसते, पेशींची भरती मंदावते. पेशीच्या आतील व्यवस्था तर याहून चकित करणारी आहे. मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन जस्ताचे सात अणू कोठारात ठेवावेत तसे धरून ठेवते. संसर्गामुळे वा अन्य कारणाने पेशीवर ताण आला की ते जस्त मोकळे होते. त्याची चाहूल लागताच दुसरे एक प्रथिन नवी कोठारे उभारण्याचा आदेश देते. मात्र अधिक जस्त म्हणजे अधिक बळ, असा हिशेब येथे चालत नाही. दीर्घकाळ अतिरेक झाल्यास शरीरातील तांबे घटते आणि प्रतिकारशक्ती उलट दुबळी होते.

भाताच्या ताटात जस्त बेताचेच असते. त्यातही धान्य व डाळींतील फायटेट हा घटक ते अडवून धरतो. मांस, मासे, अंडी यांतील जस्त शरीरास सुलभतेने मिळते. डाळी भिजवून मोड आणल्यास फायटेट कमी होते. पितळी ताटात जेवल्याने ही उणीव भरून निघेल, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट पदार्थ ठेवणे तर अपायकारकच.

अतिसारात शरीरातील जस्त मोठ्या प्रमाणात वाहून जाते. म्हणूनच २००४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी जलसंजीवनीबरोबर जस्त देण्याची शिफारस केली. आपल्याकडे २ ते ६ महिन्यांच्या बालकास रोज १० मिलिग्रॅम, त्याहून मोठ्यास २० मिलिग्रॅम, असे १४ दिवस ते दिले जाते. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतात आणि उरलेल्या गोळ्या फडताळात पडून राहतात. नेमकी चूक येथे होते. कारण पुढील दिवसांच्या गोळ्या रिते झालेले कोठार भरण्यासाठी असतात आणि त्यामुळे पुढील दोन-तीन महिने जुलाबाचा धोका कमी राहतो. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आशा कार्यकर्त्यांनी घरी विचारावयाचा प्रश्न म्हणूनच 'जुलाब थांबले का?' एवढाच नसून 'गोळ्या किती उरल्या?' हा आहे. सहा महिन्यांच्या आतील बाळास गोळी चमच्यात काढलेल्या आईच्या दुधात विरघळवून द्यावी, मोठ्यास स्वच्छ पाण्यात.