टंकनियंत्रण आणि देवनागरीचे मुद्रण

भाषाविषयक प्रबंधात उदाहरण हाच पुरावा असतो. 'आचार्यास' म्हणजे गुरूस आणि 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्यास. हा भेद लेखनात केवळ 'र'च्या दोन रूपांनी व्यक्त होतो. पडद्यावर शुद्ध दिसलेली ही जोडी कागदावर विपरीत उमटली, तर विवेचनाचा आधारच नाहीसा होतो.

या विपर्यासाचे मूळ संगणकाच्या लेखनपद्धतीत आहे. लेखनसंचिकेत सामान्यतः अक्षरांच्या आकृती नसतात. वर्णांचे संकेतांक, मांडणीच्या सूचना आणि टंकाचे, म्हणजे फाँटचे, नाव एवढेच असते. आकृती पुरवितो तो फाँट. मुद्रण करणाऱ्या यंत्रावर तो नसल्यास संगणक बहुधा सूचना न देताच दुसरा फाँट योजतो. मग ओळी व पृष्ठे सरकतात. नव्या फाँटमध्ये विशिष्ट जोडाक्षराची सोय नसल्यास तेही मोडते. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये देवनागरी आकृती रोमन वर्णांच्या संकेतांकांवर बसविलेल्या असल्याने, फाँट हरवताच रोमन अक्षरांचा निरर्थक समूह उरतो.

१९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड संकेतप्रणालीत देवनागरी वर्णांना स्वतंत्र संकेतांक मिळाले. त्यामुळे वर्णाची ओळख टिकते. आकृतीची हमी मात्र मिळत नाही. मराठी आणि हिंदी वळणाच्या 'ल' व 'श' यांचे संकेतांक एकच आहेत. त्यांपैकी कोणते वळण उमटावे, हे फाँटवर आणि काही फाँटांत मजकुराची भाषा कोणती नोंदविली आहे यावरही अवलंबून असते.

यास्तव तीन गोष्टी आवश्यक ठरतात. मजकूर युनिकोडमध्ये असावा व त्याची भाषा मराठी अशी नोंदवावी. अंतिम प्रत पीडीएफ स्वरूपात करताना फाँट तीत अंतर्भूत करावेत. दीर्घकालीन जतनासाठी २००५ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या पीडीएफ-ए प्रकारात हे बंधनकारकच आहे. काही फाँटांचा परवाना अशा अंतर्भावास मनाई करतो, म्हणून फाँटची निवड लेखनारंभीच व्हावी. शेवटी, पूर्वदर्शन मूळ संचिकेचे न पाहता त्या पीडीएफ प्रतीचे पाहावे, तिच्या गुणधर्मांतील फाँटांची यादी तपासावी आणि 'ऱ्य', 'ऱ्ह', 'ल', 'श' असलेले एक पृष्ठ प्रत्यक्ष छापून घ्यावे.

पूर्वी खिळे जुळविणाऱ्याच्या हाती असलेली ही जबाबदारी आता लेखकाकडे आली आहे. ती पाळली गेली नाही, तर परीक्षकापुढे स्वयंपाक्याच्या जागी गुरू उभा राहण्यास विलंब लागत नाही.