स्वीडनचा व्यक्तिक्रमांक आणि आपला समज

धारूरसारख्या गावातून शिकून पुण्यात नोकरीला लागलेली आणि तिथून स्वीडनला निघालेली मुले एक गोष्ट गृहीत धरतात: निवास परवाना मिळाला की 'पर्सूननुम्मर' (व्यक्तिक्रमांक) आपोआप मिळतो. तसे होत नाही. परवाना देते स्थलांतर खाते. क्रमांक देते कर खाते, आणि तोही लोकनोंदणी झाल्यावरच.

केजची मुलगी लग्न होऊन धारूरला आली, तरी तहसिलीत अर्ज केल्याशिवाय तिचे नाव सासरच्या शिधापत्रिकेवर चढत नाही. तसेच हे.

स्वीडनमध्ये किमान एक वर्ष राहण्याचा इरादा असेल तरच ही लोकनोंदणी होते. त्यासाठी पासपोर्ट, परवाना आणि राहण्याचा पत्ता घेऊन कचेरीत स्वतः जावे लागते. क्रमांक १९४७ पासून चालत आला आहे. त्यात आपली जन्मतारीखही असते, म्हणून तो पाहून गोंधळू नये. बँक, दवाखाना, मोबाइल, सगळीकडे तोच विचारतात. तो हाती येईपर्यंत बँकखाते उघडणेही जड जाते, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांचा खर्च जवळ ठेवावा.

जोडीदार, मुले सोबत असतील तर विवाहाचा आणि जन्माचा दाखला मराठीतच नेऊ नका. मूळ प्रतीसोबत इंग्रजी भाषांतर निघण्याआधीच करून घ्या.