फुली झाकली म्हणजे दार बंद झाले असे नाही

कापडाच्या पेढीवर आता बिले व मालाच्या नोंदी संगणकावर होतात. एक्सेलच्या उघड्या तक्त्यात भलत्याच रकान्यात आकडा पडण्याची भीती असते. म्हणून आम्ही व्यापारी मंडळी मॅक्रोची चौकट बनवून घेतो. त्यात पार्टीचे नाव, तागे, मीटर व भाव भरायचा आणि 'नोंद करा' हे बटण दाबायचे. एक्सेल ९७ पासून अशा चौकटीला 'यूजरफॉर्म' म्हणतात.

गफलत होते ती उजव्या कोपऱ्यातील फुलीमुळे. गिऱ्हाईक समोर उभे असते, फोन वाजतो आणि नोकर अर्धवट भरलेली चौकट फुली दाबून मिटवतो. चौकट मिटली तरी तिला बोलावणारा मॅक्रो थांबत नाही. तो पुढच्या ओळीवर जातो. तेथे चौकटीतील आकडा मागितला असेल, तर एक्सेल गुपचूप नवी कोरी चौकट तयार करते आणि तिच्यातील रिकाम्या जागा तक्त्यात उतरतात. नाव नाही, मीटर नाही; पण बिलाचा क्रमांक मात्र खर्ची पडतो. जीएसटीच्या नियमांनुसार हे क्रमांक अनुक्रमाने असावे लागतात, तेव्हा ही बाब किरकोळ नव्हे.

यावर पहिला उपाय 'क्वेरीक्लोज' या घटनेचा. चौकट मिटण्यापूर्वी एक्सेल ही घटना चालवते आणि 'क्लोजमोड' या आकड्याने कारण सांगते: ० म्हणजे फुली, १ म्हणजे आपल्याच मॅक्रोचा हुकूम, २ म्हणजे विंडोज बंद होत आहे. आकडा ० असेल तेव्हाच 'कॅन्सल'ची किंमत 'ट्रू' करावी. सरसकट अडवले तर आपले स्वतःचे बटणही चालणार नाही.

फुली दिसूच नये असे वाटत असेल, तर यूजरफॉर्मच्या गुणधर्मांत तशी सोय नाही. विंडोजची 'फाइंडविंडो', 'गेटविंडोलाँग' व 'सेटविंडोलाँग' ही फंक्शने बोलावून खिडकीच्या शैलीतून 'सिसमेनू'चा अंश वजा करावा लागतो. ६४ बिटच्या ऑफिसमध्ये या फंक्शनांच्या घोषणेत 'पीटीआरसेफ' हा शब्द हवाच. जुना मॅक्रो नव्या संगणकावर अडतो तो बहुधा येथेच. मात्र फुली गेली तरी ऑल्ट व एफ४ या कळा एकत्र दाबल्यास चौकट मिटतेच. म्हणून फुली झाकली तरी पहिला उपाय सोडू नये.

बाहेर पडण्याचा रस्ताही ठेवला पाहिजे. 'रद्द' बटण नसेल, तर अडकलेला नोकर सुटका करून घेण्यासाठी खोटा आकडा भरील. तक्त्यात लिहिण्याचा व क्रमांक पुढे नेण्याचा हुकूम फक्त 'नोंद करा' या बटणाच्या मॅक्रोत, सर्व रकाने तपासल्यानंतरच असावा. मग चौकट कशीही मिटो, वही कोरी राहील. चुकीची होणार नाही. मॅक्रो बनवणाऱ्याला पैसे चुकते करण्यापूर्वी एवढे त्याच्याकडून समोर बसून तपासून घ्यावे.