गावाची स्वच्छता आणि सफाई कामगाराचे घर

नगरपरिषदेचा विषय निघाला की आपल्या घरांतून दोन तक्रारी हटकून ऐकू येतात : नळास पाणी वेळेवर येत नाही आणि गटार तुंबले आहे. दोन्ही खऱ्याच. परंतु ते गटार उपसणारा मनुष्य रात्री कोठे निजतो, हे सुशिक्षित कुटुंबांत क्वचितच विचारले जाते. घरे आणि आरोग्य ही नगरपरिषदेची दोन कामे निराळी भासली, तरी त्या मनुष्याच्या दारी ती एकच होतात, असे आम्हांस वाटते.

दिग्रस हे धावंडेच्या काठचे, कापसाच्या बाजाराचे गाव. वऱ्हाडात पूर्वी १९२२ चा मध्यप्रांत व वऱ्हाडचा नगरपालिका कायदा चाले. त्याची जागा १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने घेतली. दिवाबत्ती, पाणी, गटारे, झाडलोट, लस टोचणे, जन्ममृत्यूची नोंद ही त्यात आवश्यक कर्तव्ये. पुढे १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरांकडे सोपविण्याजोग्या अठरा विषयांची अनुसूची जोडली. त्यांत आरोग्य व स्वच्छता आहे, तशीच गलिच्छ वस्त्यांची सुधारणाही आहे. कायद्यात उणे नाही. रस्त्यावर केर टाकणाऱ्यास अष्टमांश पण दंड तर कौटिल्यानेही सांगून ठेवला आहे!

उणे आहे ते आपल्या दृष्टीत. जुन्या वाड्यांच्या मागची अरुंद बोळ व टोपलीचा संडास आमच्या पिढीने पाहिला आहे. मैला नेणारी बाई त्या बोळीतून येई व जाई. तिचे नावही घरात कोणास ठाऊक नसे. त्या काळीही काही सज्जनांस हे सलत होते. कोकणातील अप्पासाहेब पटवर्धन १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. भंगीकाम आपणास द्यावे, अशी त्यांनी मागणी केली. ब्राह्मण कैद्यास ते काम देता येत नाही म्हणून अधिकाऱ्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांनी अन्न तोडले. येरवड्यास असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभिला. पुढे मुंबई सरकारने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमून ह्या कामगारांच्या राहणीची चौकशी करविली. मैला वाहून नेण्याची चाल कायद्याने बंद करण्यास मात्र १९९३ साल उजाडावे लागले, आणि २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांवाचून मनुष्यास मैल्याच्या टाकीत उतरविणेही गुन्हा ठरला. तरी माणसे उतरतात, गुदमरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली, ह्यावरूनच काय ते समजावे.

आता घराचे पाहू. ज्याची पंचवीस वर्षे सेवा झाली, त्या सफाई कामगारास मालकीचे घर देण्याची श्रमसाफल्य योजना आपल्या राज्यात आहे. योजना उत्तम, पण ती कायम नोकरांची. कंत्राटदाराच्या हजेरीवर असलेल्याची पंचवीस वर्षे कोठे मोजावयाची? कंत्राटदार बदलला की हजेरीपुस्तक बदलते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास केंद्राचे दीड लाख व राज्याचा एक लाख असे साहाय्य ठरले. तेथे जागेचा कागद लागे. ज्याची झोपडी सरकारी जागेवर, त्याने तो कागद आणावा कोठून? पट्टा नाही म्हणून घर नाही, आणि घर नाही म्हणून गाव निर्मळ ठेवणाऱ्याचीच मुले चिखलात व डासांत वाढतात.

मोठ्या शहरांप्रमाणे आपल्याकडे प्रभाग समित्या नाहीत. तीन लाख लोकसंख्येच्या आतील गावांस कायदा ती सक्ती करीत नाही. तेव्हा विचारणा नगरसेवकासच करावयाची. कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षे प्रशासकाचा कारभार चालल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. विचारावयास माणूस आता आहे. आपल्या आळीतील झाडलोट करणाऱ्याची भविष्यनिर्वाहाची वर्गणी भरली जाते काय, त्याच्या वस्तीच्या पट्ट्याचे प्रकरण कोणत्या टेबलावर अडले आहे, एवढे दोन प्रश्न मालमत्ताकर भरणाऱ्या गृहस्थाने विचारले तर त्यास उत्तर द्यावेच लागेल. आणि घरची टाकी भरली म्हणजे स्वस्तात मिळणारी दोन माणसे न बोलाविता उपसा करणारे यंत्र मागवावे. दोन दिवस वाट पाहावी लागली तरी पाहावी. तोवर आपल्या घरातील पाहुण्यांस शेजाऱ्यांकडे पाठविता येते.